काळा पेला

रात्री सव्वादहाला, कंपूतल्या आमच्या कॅज्युअल्टीत
वामनराव कुंटे आले, स्वतःच्या पायांनी,
कानटोपी तिरकी, गळ्यात मफलर,
आणि मागून मंदाकिनीबाई, हातात गोळ्यांचा डबा:
सोम, मंगळ, बुध, गुरू,
चारही खण रिकामे.
"लाइट गेली होती हो. बडीशेप समजून
माझ्या डब्यातलं तोंडात टाकलं यांनी.
डोळ्यात मोतीबिंदू, आणि ऐटीत मूठ भरून."

तोमर डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. किती वेळ झाला?
पस्तीस मिनिटं.
शुद्धीत आहेत, गिळता येतंय.
मग कोळसा द्या, सिस्टर.

मी पुडा फोडला. पन्नास ग्रॅम.
टेबलावर, हातमोज्यावर, एप्रनच्या खिशावर,
पाण्याआधी तो सगळीकडे पोचला.
ढवळत बसले.
आई म्हणायची, कोळसा उगाळावा तितका काळाच.
उगाळतेय, आई.
आज मला काळाच हवाय.

बाहेर रामऔतारची शेगडी धुमसत होती.
तोही कोळसाच.
गेल्या आठवड्यात हजिऱ्याहून तिघांना आणलं होतं,
थंडीची रात्र, बंद खोली, विझत आलेली शेगडी.
तिघांपैकी एकाला
ऑक्सिजनही पुरला नाही.
त्याच कुळातला हा,
करवंटी जाळून केलेला, मग वाफेनं आतून पोखरलेला,
इतक्या भोकांचा, इतक्या गल्लीबोळांचा,
की मॅडम शिकवताना म्हणायच्या,
पेलाभर उलगडून अंथरला
तर मेळ्यातली झुल्यांची सगळी जागा झाकेल.

तो विष मारत नाही. विरघळवतही नाही.
नुसता धरतो, अंगाला चिकटवून घेतो
आणि खालच्या वाटेनं घेऊन जातो.
आपण म्हणतो ना, चुकलंमाकलं पोटात घाला,
तेवढंच.

सगळ्यांचं नाही घालत.
ॲसिड नाही, रॉकेल नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत.
उशीर झाला तर फारसं काहीच नाही.
आणि आपलं-परकं त्याला कळत नाही.
माझी भाची काळी पेस्ट लावते दातांना,
नव्या सडकेवर काळं आइस्क्रीम खाते.
"डिटॉक्स, मावशी."
मी विचारते, थायरॉइडची गोळी त्याआधी कधी घेतलीस?
तीही धरून ठेवली असेल त्यानं.
ती हसते.
दात तिचे आधीपासूनच पांढरे.

वामनरावांनी पहिला घोट घेतला आणि थांबले.
"बिर्लानगरच्या मिलची चिमणी पितोय असं वाटतंय."
एकतीस वर्षं हिशेब लिहिले होते त्यांनी तिथे.
प्या, म्हटलं. सगळी चिमणी प्या.
दात काळे, जीभ काळी,
हनुवटीवरून एक ओघळ मफलरवर.
तोवर गप्प बसलेल्या मंदाकिनीबाई म्हणाल्या,
"त्रेपन्न वर्षं झाली लग्नाला.
शेवटी तोंड काळं केलंतच."
आणि हसता हसता भिंतीकडे वळल्या.
खांदे बराच वेळ हलत होते.

मग रात्र. हिरवी रेघ.
दर तासाला मी नाडी लिहिली:
चोपन्न. बावन्न. एकदा अठ्ठेचाळीस,
तेव्हा तोमर खुर्चीवरून उठले आणि बसलेच नाहीत.
चोपन्न. एकोणसाठ.
किल्ल्याच्या बाजूला धुकं पांढरं होईपर्यंत
बासष्ट.

दुसऱ्या दिवशी संडासातून घाबरून परतले.
"सिस्टर, हे तर डांबर आहे!"
म्हटलं, काका, त्याचीच वाट बघत होते.

मंदाकिनीबाईंनी पदराचं टोक पाण्यात बुडवलं,
त्यांची हनुवटी धरली, ओठांच्या कडा पुसल्या.
मिशीपाशी आल्या
तसा त्यांनी हात धरला.
"राहू दे," म्हणाले,
"तरुण दिसतेय."